सॅटिन रंगवायला जावं आणि रेनकोट व्हावा

गेल्या कार्तिकात आमच्या वाडीतल्या एका काकांचं चित्र काढलं. काका दशावतारात राजपार्ट करतात. लाल सॅटिनचा अंगरखा, त्यावर काळं मखमली जाकीट, खांद्यावरून जरीकाठाचा शेला. टॅबलेटवर तीन रात्री घातल्या. चौथ्या दिवशी सकाळी खळ्यात चहा पिताना त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, टॅबलेट हातभर लांब धरला आणि विचारलं, "झिला, माका रेनकोट कित्याक घातलंस?"

राग आला, पण काकांचं बरोबर होतं. आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. त्याआधी एका नवरीची पैठणी काढली होती, तीही मेणकापडासारखी झाली होती. गणपतीचं पीतांबर काढलं तर ते शिजवलेल्या भोपळ्यासारखं मऊ आणि मंद. दर वेळी काहीतरी खटपट करून वेळ मारून न्यायची आणि पुढच्या चित्रात दुखणं पुन्हा हजर. म्हणून या वेळी चित्र बाजूला ठेवलं आणि नेमकं कुठे काय बिघडतं ते एकेक करून तपासलं. इबिस पेंट, क्रिता, प्रोक्रिएट, चित्र काढायचं कुठलंही अ‍ॅप वापरत असा, दुखणी तीच असतात.

"चमक येत नाही" या एका तक्रारीत चार वेगवेगळे आजार लपलेले असतात. कापड सुती दिसतं, प्लास्टिकचं दिसतं, कोळसा फासल्यासारखं मळकट दिसतं किंवा जत्रेतल्या लायटिंगसारखं भडक दिसतं. औषध प्रत्येकाचं वेगळं, आणि एकाचं दुसऱ्याला दिलं की रोग वाढतो. मी तेच करत होतो. प्लास्टिक दिसतंय म्हणून आणखी पांढरं लावायचं, मग आणखी प्लास्टिक.

निदानासाठी सगळ्यात वर एक लेयर, म्हणजे चित्रावरचा वेगळा थर, घ्या, तो करड्या रंगाने भरा आणि त्याचा ब्लेंड मोड (तो थर खालच्या रंगांत कसा मिसळतो ती सेटिंग) कलर करा. चित्र कृष्णधवल होईल. हा लेयर शेवटपर्यंत ठेवायचा आहे, त्याच्या नावापुढचं डोळ्याचं चिन्ह दाबून लपवायचा आणि दर दहा मिनिटांनी उघडायचा. लाल रंग आपल्याला फार फसवतो. डोळ्याला तो उजळ वाटतो, करड्यात पाहिलं तर चांगलाच गडद निघतो.

कापड सुती दिसतंय

कृष्णधवल चित्रात उजेडाकडून अंधाराकडे जाणारा रंग हळूहळू, सायीसारखा पसरत गेला असेल तर तुम्ही सॅटिन नाही, मांजरपाट रंगवलंय. एअरब्रश मोठा घेऊन गोल गोल फिरवण्याची सवय असलेल्यांचं हे हमखास दुखणं.

कारण साधं आहे. सुती कापड त्याच्यावर पडलेला उजेड सगळीकडे उधळून देतं, म्हणून घडी वळत जाते तसा त्याचा उजळपणा सावकाश कमी होतो. चकचकीत कापड उजेड एका दिशेने परत फेकतं. आरशाचा नियम इथेही लागू होतो : पृष्ठभाग १० अंश वळला तर परतणारा किरण २० अंश वळतो. म्हणजे घडी जरा कुठे कलली की ती दिव्याऐवजी मागचा अंधार दाखवायला लागते. म्हणून सॅटिनमध्ये अगदी उजळ पट्टा आणि अगदी गडद पट्टा एकमेकांना चिकटून असतात, मधले रंग फार थोडे.

उपाय : मधला रंग कमी करा. उजळ पट्ट्याची एक कड कडक ब्रशने ठेवा आणि दुसरीच फक्त मऊ करा. दोन्ही कडा मऊ केल्या की पुन्हा मांजरपाट. आणि गडद पट्टा उजळ पट्ट्याच्या शेजारी ठेवायला घाबरू नका. मी घाबरत होतो, वाटायचं की डाग दिसेल. जवळून दिसतोच. टॅबलेट काकांसारखा हातभर लांब धरला की तोच डाग घडी होतो.

रेनकोट

हा खरा आजार, म्हणून इथे जरा थांबतो.

प्लास्टिकच्या कापडाला वरून एक सलग, गुळगुळीत थर असतो. त्यावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं ते पांढरं, कडक आणि चहूबाजूंनी सारखं. पावसात बंदरावर होडी ओढणाऱ्यांच्या अंगावरचे पिवळे रेनकोट आठवा. पिवळ्यावर पांढरे फटकारे, पिवळेपणाचा त्यात मागमूस नाही. सावंतवाडीच्या लाखेच्या खेळण्यांवरही तसंच : लाल आंब्यावर खिडकीचा पांढरा चौकोन.

सॅटिनला असा थर नसतो. तिथे चमकतात ते धागे. साध्या विणीत धागा एकाच्या वरून, एकाच्या खालून जातो. सॅटिनच्या विणीत तो चार किंवा सात धाग्यांवरून मोकळा जातो आणि मग एकदा खाली बुडतो. या लांब मोकळ्या धाग्यांमुळे चमक येते, आणि त्यांच्यामुळेच ती एका दिशेला ताणलेली असते. धाग्याच्या आडव्या दिशेने ती पसरते, धाग्याच्या लांबीच्या दिशेने आखूड राहते. तेल लावून विंचरलेल्या केसांवर जो उजळ पट्टा दिसतो तो केसांच्या आडवा असतो, तीच ही गोष्ट.

हे वाचून पटत नाही, हाताने करून पाहावं लागतं. घरात ओटीचे ब्लाऊजपीस पडलेले असतातच, त्यातला एखादा सॅटिनचा शोधा. (आमच्याकडे एक पूर्ण ट्रंक भरून निघाले. आईने "परत घडी कोण घालतलो?" विचारलं, ते वेगळं.) तो तुकडा उभ्या बाटलीभोवती घट्ट गुंडाळा, खोली अंधारी करा आणि मोबाईलचा टॉर्च हातभर अंतरावरून धरा. मग कापड काढून ९० अंश फिरवून पुन्हा गुंडाळा. एका वेळी चमकीची बारीक उभी रेघ बाटलीच्या लांबीने धावेल. दुसऱ्या वेळी चमक बाटलीला आडवी वळसा घालेल, रुंद आणि मंद. कापड तेच, दिवा तोच, बाटली तीच. बदलली ती फक्त धाग्यांची दिशा.

आता चित्रात बघा. माझ्या अंगरख्यावर बाहीच्या घड्यांत, छातीवर आणि खालच्या घेरात सगळीकडे एकाच जातीचा पांढरा फटकारा होता. कापड जणू धाग्यांचं नव्हतंच. दुरुस्ती करताना आधी एका वेगळ्या लेयरवर निळ्या रेघांनी धाग्यांची दिशा काढून घेतली : अंगावर उभी, बाहीवर बाहीच्या लांबीने, जिथे कापड तिरपं कापलंय तिथे तिरपी. मग चमक त्या रेघांना आडवी ओढली. ब्रश गोल नाही, चपटा आणि किंचित दातेरी. रंग फासणारं स्मज टूल अजिबात नाही. स्मजने धागे वितळतात आणि प्लास्टिक परत येतं.

दुसरी चूक रंगाची होती. रेशमाच्या किंवा पॉलिस्टरच्या धाग्यावर पडलेल्या उजेडातला काही भाग वरच्या वर परततो, तो दिव्याच्या रंगाचा असतो. काही भाग धाग्यात शिरून, रंग घेऊन बाहेर पडतो. दोन्ही मिसळून डोळ्यात येतात. म्हणून लाल सॅटिनची चमक पांढरी नसते. ती बहुतेक ठिकाणी नारिंगीकडे झुकलेला किंवा गुलाबीकडे झुकलेला उजळ लाल असते, दिवा पिवळट आहे की पांढरा त्यावर. शुद्ध पांढऱ्याच्या जवळ जाणारे ठिपके साऱ्या अंगरख्यावर पाच-सहा पुरे. मी मोजून ठेवले : डाव्या खांद्यावर दोन, कोपराच्या घडीवर एक, घेरावर दोन.

पांढऱ्याच्या बाबतीत जलरंगवाल्यांची शिस्त घ्यावी. कागदाचा पांढरा एकदा झाकला की परत येत नाही, म्हणून ते तो आधीच राखून ठेवतात, हात आखडून. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम हळदणकर यांचं हाती दिवा घेतलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. छापील प्रतीत तरी पाहिलंच असेल. हाताआड धरलेल्या ज्योतीचा उजेड बोटांतून तांबूस होऊन येतो आणि साडी त्या उजेडातला आपला वाटा गुपचूप घेते. तिथे साडी ज्योतीशी स्पर्धा करत नाही. आमच्याकडे अनडू, म्हणजे केलेलं मागे घ्यायचं बटण, आहे, म्हणून आमची प्रत्येक घडी स्पर्धेत उतरते.

कोळसा

सावल्या मळकट होण्यामागे बहुतेक वेळा मल्टिप्लाय मोड असतो, म्हणजे वरचा रंग खालच्याशी गुणून गडद करणारा ब्लेंड मोड. मोड वाईट नाही. त्याच्याकडून नको ती अपेक्षा ठेवली जाते.

माझ्या अंगरख्याचा मूळ लाल होता २००, ३०, ४० (लाल, हिरवा, निळा किती ते आकडे, प्रत्येक ० ते २५५). सावलीत निळसर झाक हवी म्हणून त्यावर मल्टिप्लायमध्ये निळसर करडा घातला, १००, १२०, १८०. हिशोब करा : प्रत्येक जोडीचा गुणाकार, भागिले २५५. उत्तर येतं ७८, १४, २८. निळा कुठे गेला? जवळजवळ काळपट तपकिरी उरला. कारण गुणाकार फक्त उजेड काढून घेऊ शकतो, आणू शकत नाही. लाल कापडात निळा मुळातच थोडा, तो आणखी कमी झाला.

सावलीतली निळी झाक हा बाहेरून आलेला, कापडावरून उसळलेला उजेड आहे. तो वर चढवावा लागतो. त्याच सावलीवर स्क्रीन मोडमध्ये, म्हणजे उजळ करणाऱ्या मोडमध्ये, ४०, ६०, ११० घातलं तर १०६, ७१, १२६ मिळतं, म्हणजे जांभळट झाक. पूर्ण ताकदीने ती जास्तच होते, निम्म्या अपारदर्शकतेवर छान बसते. आणि ती सगळ्या सावलीवर फासायची नाही. जी घडी आकाशाकडे तोंड करून आहे तिच्यावरच.

मग जी घडी खाली तोंड करून आहे तिच्यावर काय? इथे आपल्या मुलखाचा उपयोग होतो. दुपारी जांभ्या दगडाच्या पायरीवर कोणाला उभं करून बघा. पांढऱ्या लेंग्याच्या आतल्या घड्या तांबूस होतात. शेणाने सारवलेल्या खळ्यात त्याच घड्या हिरवट-पिवळ्या खाकी. वाळूवर कोमट पिवळसर. सॅटिनमध्ये हे सगळं दुपटीने दिसतं, कारण ते आजूबाजूचं नुसतं सौम्य होऊन घेत नाही, थोडंफार प्रतिबिंबच दाखवतं. चकचकीत कापडाच्या सावलीत रंग भरायचा म्हणजे त्या माणसाभोवती काय काय आहे ते भरायचं. माझ्या चित्रात काकांच्या मागे नुसती करडी पार्श्वभूमी होती, त्यामुळे सॅटिनला दाखवायला काही नव्हतंच! पार्श्वभूमी शेवटी करू म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मी आता निदान चार मोठे रंगांचे तुकडे आधी टाकतो : वर काय, खाली काय, डावीकडे काय, उजवीकडे काय.

एक बारीक गोष्ट. कड जवळ येते तिथे, म्हणजे पृष्ठभाग आपल्यापासून वळून जाऊ लागतो तिथे, प्रतिबिंब जोरकस होतं. समोरून पाहिलं तर साध्या गुळगुळीत प्लास्टिकसारखा पदार्थ जेमतेम ४ टक्के उजेड वरच्या वर परत करतो. अगदी तिरप्या नजरेने पाहिलं तर जवळजवळ सगळा. संध्याकाळी समुद्राकडे बघा : पायाशी पाण्यातली वाळू दिसते, क्षितिजाकडे नुसती चांदी. बाहीच्या कडेला आजूबाजूचा रंग जरा जास्त चढवायचा तो म्हणूनच.

भडक

हे झटपट. लालावर ओव्हरले किंवा कलर डॉज हे ब्लेंड मोड मारले की निऑन येतो. डॉजमध्ये जो रंग शून्य आहे तो शून्यच राहतो, त्यामुळे शुद्ध लाल कितीही उजळला तरी २५५, ०, ० च्या पुढे जात नाही, फक्त किंचाळतो. मूळ रंग निवडतानाच हिरवा आणि निळा थोडा ठेवा आणि चमक नॉर्मल मोडमध्ये, हाताने रंग निवडून लावा. रंगांची बेरीज करणारा अॅड मोड वापरायचाच असेल तर गडद रंगाने, थोडासा, शेवटी.

जरी आणि मखमल : एकाच माणसाच्या अंगावर तीन कायदे

अंगरखा सुधारला तरी काकांचं चित्र विचित्रच दिसत होतं. कारण मी तिन्ही कापडांना एकच चमक वाटून दिली होती.

जर म्हणजे धातू. पारंपरिक जर रेशमी धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळून, वर सोन्याचा मुलामा देऊन होते. नाटकाच्या शेल्यावरची अर्थातच प्लास्टिकवर धातूचा पातळ थर दिलेली असते, पण दिसायला नियम धातूचाच. धातूला स्वतःचा सौम्य रंग जवळजवळ नसतो, असतं ते रंगीत प्रतिबिंब. म्हणून जरीचा काठ पिवळा रंगवून त्यावर पांढरं मारलं की तो हळद लागलेला नाडा दिसतो. तीन रंग पुरतात : गडद तपकिरी, मधला गेरूसारखा पिवळा आणि अगदी थोडा फिकट लिंबू. निम्म्याहून जास्त काठ गडद तपकिरी असला पाहिजे. हे ऐकायला उलटं वाटतं, पण काठ सोन्याचा व्हायला लागतो तो तिथेच. काठावरची वेलबुट्टी तयार चित्रातून उचलून चिकटवत असाल तर ती घडीप्रमाणे वाकवा, आणि कापडाच्या छायेचा लेयर तिच्यावर तसाच राहू देऊ नका. जरीला तिची वेगळी छाया द्या. कापड मंद असलेल्या जागी जर चकाकू शकते, आणि उलटही.

पैठणीसारखं धूपछाव कापड असेल तर आणखी एक गाठ. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. घडी एकीकडे वळली की एक रंग वर येतो, दुसरीकडे वळली की दुसरा. तिथे उजळ-गडद नंतर, आधी दोन रंग कुठे कुठे ते ठरवायचं. माझी नवरीची पैठणी मेणकापड झाली ती या एका गोष्टीमुळे. जांभळीला मी फक्त फिकट जांभळी आणि गडद जांभळी करत बसलो होतो, तिचा आडवा हिरवा धागा मी पाहिलाच नव्हता.

मखमल सगळ्याच्या उलट. तिचे तंतू उभे असतात. समोरून पाहिलं तर नजर तंतूंच्या मध्ये शिरते आणि अंधारात हरवते. कडेला तंतूंच्या बाजू दिसतात आणि त्या उजळतात. म्हणजे सॅटिनचा फुगीर भाग उजळ, मखमलीचा फुगीर भाग गडद आणि कड उजळ. काळ्या जाकिटाच्या पोटावर मी मोठा पांढरा फुगा काढला होता. तो पुसला, कडांना राखी-निळ्याची मऊ रेघ दिली, आणि जाकीट अचानक जड झालं. या सगळ्या दुरुस्तीतली सर्वात स्वस्त हीच, दोन मिनिटांची.

दिवे मोजा

सगळं करूनही घोळ राहत असेल तर चमकीचे पट्टे मोजा. एका घडीवर जितके दिवे तितक्या चमका. देवळापुढच्या मांडवात दोन्ही खांबांना हॅलोजन असतील तर प्रत्येक गोल घडीला दोन उजळ रेघा येतील, डावी आणि उजवी, मध्ये गडद. मी काही घड्यांना एक, काहींना तीन दिले होते. हॅलोजनचा उजेड साधारण ३००० केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), पिवळट. हल्लीच्या कूल डेलाइट एलईडीवर ६५०० छापलेलं असतं, तो निळसर पांढरा. एका खांबाला एक आणि दुसऱ्याला दुसरा असं जत्रेत सर्रास असतं, आणि चित्रकाराची त्यात चैन होते : डावी रेघ कोमट, उजवी थंड, मधला लाल आपोआप श्रीमंत.

पावसाळ्यातल्या ढगाळ दुपारी मात्र रेघा शोधू नका. सारं आभाळ एकच मोठा दिवा असतो. चमक रुंद, मऊ, वरच्या अंगाला. अशा उजेडात सॅटिन सुती वाटू नये म्हणून फक्त घडीच्या खालच्या अंगाला एक कडक गडद कड ठेवायची.

शेवटचा घोळ चित्रातला नसतोच. रात्री मोबाईलचं डोळ्यांचं संरक्षण चालू असतं आणि पडदा पिवळा झालेला असतो. तुम्ही भरपाई म्हणून निळा वाढवता, सकाळी अंगरखा जांभळा. रंग निवडताना ते बंद करा. आणि चित्र फ्लेक्सवर जाणार असेल तर झगझगीत लाल-जांभळे रंग छपाईत पडद्यावर दिसतात त्यापेक्षा मलूल होतात. उजळ-गडदाचा फरक टिकतो, रंगाचा झगमगाट टिकत नाही. म्हणून चमक उजळ-गडदातून उभी केलेली असेल तर फ्लेक्स वाचतो. छापायला देण्याआधी छातीवरचा आणि काठाचा तुकडा हातभर मापात छापून मागवा. दुकानदार कुरकुरतो, पण देतो.

काकांना नवीन चित्र दाखवलं तेव्हा अंगरख्यावर ते काही बोलले नाहीत. किरीट पितळेच्या पातेल्यासारखा दिसतो म्हणाले. त्यावरही बहुधा गडद तपकिरीच कमी पडलाय, या आठवड्यात बघतो.